मातीवर छापताना

मातीवर छापता येतं का, असं विचारणारे बहुतेक जण लगेच शाईकडे वळतात. कोणती शाई लागते, भट्टीत टिकते का, धुतल्यावर जाईल का? शाईचं उत्तर तसं सोपं आहे. भट्टीत टिकतात ती धातूंची ऑक्साइडं आणि त्यांच्यापासून बनवलेले सिरॅमिक स्टेन, म्हणजे भट्टीत टिकणारे भुकटी रंग. तेल, डिंक, कागद, कार्बन हे सगळं जळून जातं. त्यांची सोबत फक्त भट्टीच्या दारापर्यंत.

मला विचाराल तर सगळी गोम ओलीत आहे.

मी शिकले छापचित्रण. लिनो (म्हणजे लिनोलियमचा मऊ ठोकळा) आणि लाकूड कोरणं, पत्र्यावर एचिंग करणं, म्हणजे आम्लाने रेघा खोदणं, त्यात माझी बरीच वर्षं गेली. मातीकडे मी नंतर वळले. छापचित्रणात सगळी भिस्त दाबावर असते. एचिंगचा पत्रा प्रेसखालून जातो तेव्हा वरची लोकरीची जाड ब्लँकेटं कागदाला रेघांच्या खाचांत ढकलतात आणि तिथे दडलेली शाई कागद उचलून आणतो. मातीचं ओलं भांडं असा दाब सोसत नाही. कड वाकते, पोट आत जातं. मग प्रेसचं काम कोण करणार? पाणी. ओल्या थरातलं पाणी मातीत आणि कागदात मुरतं, तसा रंगाचा थर आवळत जातो आणि मातीला धरतो. आपण वरून हात फिरवतो तो दोन्ही पृष्ठभाग नीट टेकावेत एवढ्यासाठीच. एचिंगचा कागदही छापण्याआधी भिजवून टिपून घेतात, त्यामुळे ओल ओळखायची सवय छापचित्रकाराच्या बोटांना आधीपासून असते. माती ती सवय कामाला लावते.

मला सगळ्यात जास्त प्रिय असलेली पद्धत न्यूजप्रिंटची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

कोरा न्यूजप्रिंट घ्यायचा, वर्तमानपत्राचा असतो तसला पण न छापलेला. गुळगुळीत मासिकाचा कागद इथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्यावर लेप असतो आणि तो पाणी पीत नाही. कागदावर रंगीत स्लिपने (पाण्यात कालवलेल्या पातळ मातीने) किंवा अंडरग्लेझने (ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, खाली लावायच्या रंगाने) चित्र काढायचं. क्रम मात्र उलटा. जे शेवटी सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी रंगवायचं. पक्ष्याचा डोळा आधी, मग पिसांच्या रेघा, मग अंगाचा रंग, आणि सगळ्यांच्या मागची पांढरी पार्श्वभूमी सर्वात शेवटी, अख्ख्या कागदावर फिरवलेल्या स्लिपच्या हाताने. शिवाय उजवं डावं होणार, अक्षरं असतील तर तीही उलटी लिहायची. छापचित्रकाराला उलटं पाहणं अंगवळणी पडलेलं असतं, क्रम उलटा करणं मात्र नव्याने शिकावं लागतं.

आता पुढची काही मिनिटं या कामाचा जीव आहेत. स्लिप लावल्याबरोबर ती चकाकते. ती चकाकी जाईपर्यंत थांबायचं. कागद उजेडात तिरपा धरला की दिसतं: कडेकडून चमक मावळत मध्याकडे येते, शेवटी जिथे थर जाड आहे तिथे एखादा ओला डाग उरतो आणि मग तोही मंदावतो. त्याच क्षणी कागद मातीवर उलटा ठेवायचा. आधी ठेवला तर रंग फिसकटतो, रेघा पसरतात. उशीर झाला तर स्लिप सुकून कागदावरच पापुद्रे धरते. खालची मातीही तशीच नेमकी हवी: बोट टेकवलं तर खड्डा पडू नये, नख ओढलं तर स्वच्छ रेघ उठावी, आणि वर पाण्याचा तवंग अजिबात नसावा. ती जरा जास्त सुकली असेल तर स्पंजने एकच ओला हात द्यावा.

कागद ठेवल्यावर मध्यापासून कडेकडे रबराच्या रिबने, म्हणजे लवचीक पट्टीने, घासायचं. हवा बाहेर काढणं एवढाच हेतू, जोर नको. मग कागदाच्या पाठीकडे बघत राहायचं. आधी तो ओला, काळपट आणि पारदर्शक दिसतो, आतलं चित्र धूसर दिसत असतं. हळूहळू कागद फिकट व्हायला लागतो. एक कोपरा किंचित उचलून पाहावा. रंग मातीला धरून राहिला असेल तर कागद जवळजवळ कोरा सुटतो. रंग कागदाबरोबर उठत असेल तर कोपरा परत खाली, पुन्हा घासणं, पुन्हा थांबणं. एकदा ओढायला घेतलं की कागद मातीला समांतर, अगदी बुटका कोन ठेवून ओढावा. सरळ वर उचलला तर पातळ रेघा तुटतात.

या छापाचा पोत दुसऱ्या कशातून येत नाही. ब्रशचा फटकारा दिसतो, पण त्याची उंची गेलेली असते, सगळे रंग एका सपाटीत दाबून बसवल्यासारखे होतात. मधूनच एखादा ठिपका उठलेला नसतो, त्यातून खालची माती डोकावते. अशा जागा मी ब्रशने भरत नाही. भरलं की तो भाग रंगवलेला दिसतो आणि छाप मरतो.

लिनोचं काम याहून सोपं आणि जुन्या वळणाचं. कोरलेला ठोकळा ओल्या स्लॅबमध्ये, म्हणजे मातीच्या सपाट लादीत, दाबला की खाचा मातीत उंचवटे होऊन येतात. ठोकळ्याला आधी मक्याच्या पिठाचा हलका हात दिला तर माती चिकटत नाही. कोरताना खाचेच्या भिंती वर रुंद, तळाशी अरुंद ठेवाव्यात. आतून पोखरलेली खाच माती सोडत नाही. यातला खरा आनंद पुढे आहे. ठशाच्या खळग्यांत वेगळ्या रंगाची स्लिप भरायची, ती घट्ट होऊ द्यायची आणि धातूच्या पट्टीने वरचा थर खरवडून काढायचा. खळग्यातली रेघ तेवढी उरते, धारदार. खोलात शाई भरून वरची पुसून टाकायची, हा एचिंगचाच विचार. कोरियात पंधराव्या शतकातल्या बुन्चोंग भांड्यांवर हे काम शिगेला पोचलेलं दिसतं. लहान फुलांचे आणि ठिपक्यांचे ठसे इतके दाट मारलेले, की पांढरी स्लिप भरून खरवडल्यावर अख्खं भांडं विणल्यासारखं दिसतं. फोटोत ते यंत्रवत वाटतं. जवळून पाहिलं तर ओळी सरकलेल्या असतात, एखादा ठसा दुसऱ्यावर चढलेला असतो. मला त्या ओळी फार आवडतात.

एक हिशेब इथे विसरून चालत नाही. माती आकसते. स्टोनवेअरची, म्हणजे भाजून दगडासारखी घट्ट होणारी, माती ओल्या अवस्थेपासून शेवटच्या भाजणीपर्यंत साधारण 12 टक्के आकसत असेल, तर 10 सेंटिमीटरचा ठसा भाजून 8.8 सेंटिमीटर होतो. रेघाही तेवढ्याच बारीक आणि जवळ येतात. त्यामुळे लिनोवर जरा ढोबळ वाटणारी कोरणी भट्टीतून नाजूक होऊन बाहेर येते. कागदासाठी कोरलेला जुना ठोकळा मातीवर वापरून पाहा. चित्र तेच असतं, पण जास्त आवळलेलं.

छपाईचं आणि मातीचं नातं उलट्या बाजूनेही आहे. चीनमध्ये 1041 ते 1048 या काळात बी शेंग याने छपाईचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, बनवले ते भाजलेल्या मातीचे. त्याच्याही कितीतरी आधी मेसोपोटेमियात दगडी दंडगोल मुद्रा ओल्या मातीवर फिरवून सलग चित्रपट्टी उमटवत होते. मातीवर छापणं ही आजची जोडाजोड नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. छापाची सुरुवात कागदाआधी मातीवर झाली.

कागदी लिथोग्राफीने मला सगळ्यात जास्त थक्क केलं. लिथोग्राफीचं तत्त्व जर्मन नाटककार आलोइस सेनेफेल्डरला 1796 च्या सुमारास दगडावर सापडलं: तेलकट जागा शाई धरते, ओली जागा शाई नाकारते. दगडाऐवजी इथे साधी झेरॉक्स वापरायची. तिच्यावरचा काळा टोनर प्लास्टिकसारखा असतो, तो तेल धरतो. उरलेला कोरा कागद डिंकाचं पाणी, म्हणजे गम अरेबिक, पिऊन ओला राहतो आणि तेल झिडकारतो. इंकजेटची प्रत इथे चालत नाही, कारण तिची शाई कागदात मुरलेली असते आणि ती तेल धरत नाही.

जवसाच्या तेलात काळा किंवा निळा स्टेन चांगला घोटून दाट शाई करायची. घोटताना मास्क घालाच, हातमोजे घाला, आणि सांडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या स्पंजने टिपा. झेरॉक्स गुळगुळीत फळीवर ठेवून दोन्ही बाजूंनी डिंकाचं पाणी लावायचं आणि हलक्या रोलरने शाई फिरवायची. पहिल्या फेरीत सगळा कागद मळल्यासारखा दिसतो, घाबरायचं नाही. ओल्या स्पंजने हलकेच पुसलं की कोऱ्या जागेवरची शाई निघून जाते आणि रेघांवरची राहते. पुन्हा शाई, पुन्हा पाणी. चित्र प्रत्येक फेरीला गडद होत जातं. मग तो लिबलिबीत कागद दोन्ही हातांनी उचलून मातीवर उलटा ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. माती पाणचट असेल तर तेल तिलाही धरत नाही, म्हणून इथे माती न्यूजप्रिंटच्या कामापेक्षा जरा कोरडी लागते. निघतो तो छाप दाणेदार, जुन्या पत्रातल्या अक्षरांना शोभेल असा. एका झेरॉक्सवर कागद फाटेपर्यंतच काम होतं. बहुतेक वेळा एकच छाप मिळतो.

कागदावरून भांड्यावर चित्र उतरवण्याचा उद्योग इंग्लंडमध्ये मोठा झाला. लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी 1756 मध्ये शपथपत्र केलं की त्यांनी 6 तासांत 1200 हून जास्त टाइल छापल्या. पुढे 1784 च्या सुमारास जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात ग्लेझखालची निळी छपाई बसली. तांब्याच्या कोरीव पत्र्यात तेलकट कोबाल्टची शाई, तिचा छाप पातळ टिश्यूवर, तो टिश्यू भाजलेल्या भांड्यावर घासून पाण्याने सोडवायचा, मग तेल जाळण्यासाठी एक हलकी भाजणी आणि त्यानंतर ग्लेझ. पत्रा छापणारा पुरुष, टिश्यू चिकटवणाऱ्या बायका आणि तो कापून देणारी मुलगी, अशी टोळी एकेका प्रेसभोवती असे. त्या जुन्या निळ्या ताटल्यांच्या काठाची नक्षी बोट फिरवत तपासली तर एखाद्या ठिकाणी ती जुळत नाही, पान अर्ध्यात तुटलेलं असतं. तो टिश्यूचा सांधा. मी संग्रहालयात गेले की आधी तो सांधा शोधते, कारण तिथे त्या बाईचा हात दिसतो.

सांध्याचा प्रश्न आपल्यालाही सुटत नाही. सपाट कागद नळकांड्यावर नीट गुंडाळता येतो, निमुळत्या पेल्यासाठी तो कमानीसारखा कापावा लागतो, आणि गोल पोटाच्या भांड्यावर कुठल्याही युक्तीने सपाट बसत नाही. सुरकुत्या येणारच. मी अशा भांड्यांसाठी चित्राचे तुकडे करते, एकेक पान वेगळं, एकेक पक्षी वेगळा, आणि मधल्या जागा मोकळ्या सोडते. ताटली किंवा स्लॅबचा डबा असेल तर स्लॅब सपाट असतानाच छापून घेणं उत्तम. नंतर वाकवताना छाप ताणला जातो, त्याचंही एक सौंदर्य आहे.

स्क्रीन प्रिंटिंगबद्दल थोडक्यात. अंडरग्लेझ सीएमसी नावाच्या डिंकाने दाट करून न्यूजप्रिंटवर छापायचं आणि मग वर सांगितल्याप्रमाणेच मातीवर उतरवायचं. एकाच चित्राच्या अनेक प्रती हव्या असतील तर याला तोड नाही. काही लेझर प्रिंटरांच्या काळ्या टोनरमध्ये लोहाचं ऑक्साइड असतं. त्याचा डेकल, म्हणजे कागदावरून पाण्याने सोडवून चिकटवायचं चित्र, ग्लेझ झालेल्या भांड्यावर लावून पुन्हा भाजला तर तपकिरी चित्र उरतं. परिणाम देखणा असतो, पण त्यात ओल्या मातीचा काही सहभागच नाही, म्हणून माझं मन तिथे रमत नाही.

भट्टीबद्दल दोनच गोष्टी. तेलाची शाई वापरली असेल तर ग्लेझ लावण्याआधी बिस्क भाजणी, म्हणजे पहिली भाजणी, झालीच पाहिजे. तेल शिल्लक असलं तर ग्लेझ तिथे धरत नाही, गोळा होऊन मागे सरतं. रंगाचा थर जाड असला तरी हेच होतं. दुसरी गोष्ट कोबाल्टची. नुसतं कोबाल्ट ऑक्साइड वापरलं तर जाड ग्लेझखाली रेघ निळी धूसर पसरते. तेच स्लिपमध्ये मिसळलं की जागेवर राहतं. पारदर्शक ग्लेझ पातळच लावावं, जाड थरात बुडबुडे अडकून चित्रावर दुधी पडदा येतो.

राहिला आवृत्तीचा प्रश्न. कागदावर मी 3/20 असं लिहिते, तिसरा छाप, एकूण वीस, आणि सगळे शक्य तितके एकसारखे. मातीवर तो आकडा लिहायला माझा हात धजत नाही. ठोकळा तोच असतो, पण प्रत्येक ताटली वेगळ्या ओलीवर छापलेली असते, भट्टीत वेगळ्या जागी ठेवलेली असते. म्हणून मी बुडाला फक्त ठोकळ्याची खूण आणि वर्ष कोरते. एका ठोकळ्याच्या ताटल्या शेजारी मांडल्या की कोणती आधी छापली आणि कोणती माती सुकत आल्यावर, हे रेघांच्या धारेवरून मला अजूनही सांगता येतं.