कोडोलीच्या ओसरीवरचं सूत

पट्टणकोडोलीला मी आधी एकदा जाऊन आले होते, विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेला. ढोल-कैताळाचा गजर, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, आणि त्या उधळणीत खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरसुद्धा! खांद्यावर पडलेला एक काळा पुंजका रुमालात बांधून मी घरी आणला होता. यंदा माघात परत गेले ती त्या पुंजक्यापायी. देवावर उधळतात ती लोकर सूत कशी होते, ते बघायचं होतं.

कोल्हापूरहून हुपरीची एसटी धरली. गाडीतले बरेचसे लोक हुपरीला चांदीच्या कामाला निघालेले. कोडोलीला उतरणारे आम्ही मोजकेच.

गावात घोंगड्याचं नाव काढलं की लोक सनगराचा, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याचा, माग दाखवतात. खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, इकडून तिकडे धावणारा धोटा; नजर ठरतेच तिथं. पण त्या विणकरानंच मला अडवलं. "सूत बायका कात्त्यात, ताई. एका मागाला एक बाई पुरत न्हाई. तिकडं जावा आधी," म्हणाला आणि मागच्या गल्लीतली ओसरी दाखवली.

ओसरीवर चौघी होत्या. एक लोकर पिंजत होती, दुसरी पिंजलेल्या लोकरीचे पेळू वळत होती, दोघी चरख्यावर. मी विणकाम करते, पण माझी लोकर दुकानातली, मऊ, रंगवलेली. ही दख्खनी मेंढीची: आखूड, राठ, हाताला तेलकट लागणारी आणि पावसात भिजलेल्या कळपाचा वास अजून जपणारी. रंग मेंढीचाच. त्यातल्या त्यात मऊ म्हणजे जावळ, कोकराची पहिली कातरण. तिचं घोंगडं महाग, आणि ते मागून घेणारे अजून आहेत.

सर्वांत थोरल्या आजींनी मला शेजारी बसवलं. उजव्या हातानं चाक, डाव्या चिमटीत पेळू. चाती, म्हणजे चरख्याची टोकदार सळई, फिरते तसा पीळ धाग्यावर चढत येतो आणि चिमटीपाशी थांबतो. तो थांबला त्याच क्षणी हात मागे न्यायचा. लवकर नेला तर धागा तुटतो, उशिरा नेला तर गाठीसारखा फुगतो. माझा तुटला. पुन्हा तुटला. आजींनी माझं मनगट धरलं. "ओढू नगंस बाळा. सोड. तीच येतीया." चौथ्या-पाचव्या वेळी खरंच धागा आपला आपण चिमटीतून निघाला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

मग समजलं की सगळं सूत एका पिळाचं नसतं. उभ्या धाग्याचं घट्ट कातायचं, कारण त्याला मागावर ताण सोसायचा असतो. त्याला आधी चिंचोक्याची खळही लावतात. कुंच्यानं सारखी करून उन्हात वाळवतात. आडवा धागा सैल चालतो. हे कुणी तोंडानं शिकवत नाही. पलीकडची काकू माझ्याशी बोलता बोलता शेजारणीच्या चातीवरचं सूत बोटांनी चाचपून बघत होती आणि नुसती मान हलवत होती. यांच्या मंडळाला पाटी नाही, नोंदवही नाही; पण कुणाचं सूत कसं, हे चौघींनाही डोळे मिटून कळतं.

या कामाचे पैसे फार थोडे मिळतात, आणि त्याचा मला राग येतो. गिरणीचं ब्लँकेट स्वस्त पडतं, म्हणून घोंगड्याला गिऱ्हाईक कमी. भाव आहे मटणाला. त्यामुळं कळपात माडग्याळ मेंढी वाढत चालली, तिच्या अंगावर लोकर नावालाच. दख्खनी मेंढी कातरावी तर कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कितीतरी लोकर रानातच टाकली जाते. ज्या लोकरीच्या खोळीत धनगरानं पिढ्यान् पिढ्या पाऊस काढला, ती मातीत!

चौघींतल्या सर्वांत धाकटीनं चाळिशी ओलांडलेली. तिच्या मुली शिकतात का, म्हणून विचारलं. "बघत्यात," एवढंच म्हणाली.

चहा झाला. परतीची एसटी साडेपाचची होती. मी कातलेला वावभर धागा, कुठे जाड, कुठे केसासारखा, आठवण म्हणून मागावा असं मनात होतं. तेवढ्यात आजींनी तो दिव्याशी धरून पाहिला, चातीवरच्या आपल्या सुताच्या टोकाला जोडला आणि चाक फिरवलं.

"आडव्यात खपतंय की," त्या म्हणाल्या.