टॉम कधी आपटतो? फ्रेम मोजून बघा

टॉमच्या डोक्यात तवा बसतो तेव्हा हसू नेमक्या क्षणी फुटतं, कारण तो क्षण चित्रं काढायच्या आधीच ठरलेला असतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीसाठी टॉम आणि जेरीचे ११४ लघुपट केले. बार्बेरा प्रसंग आणि गमती कागदावर रचत, हॅना त्यांचा वेळ बांधत. सेकंदाला २४ फ्रेम आणि तक्त्यावर प्रत्येक फ्रेमला एक ओळ. सात मिनिटांच्या कार्टूनला अशा १०,०८० ओळी. साध्या हालचालीत एकच चित्र दोन फ्रेम टिकतं, पळापळीत मात्र प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतं.

स्कॉट ब्रॅडली यांचं संगीतही याच हिशेबावर चालायचं. १२ फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके पडतात, ८ फ्रेमला धरला तर १८०. म्हणून जेरी दबकत चालला तरी त्याचं पाऊल ठेक्यावर पडतं.

एका फ्रेमने काय बिघडतं, हे दिग्दर्शक चक जोन्स यांनी रोड रनर या पळणाऱ्या पक्ष्याच्या कार्टूनमध्ये पक्कं केलं होतं. त्याच्या मागे लागून कड्यावरून कोसळणारा कायोटी (लांडग्यासारखा प्राणी) १८ फ्रेममध्ये ठिपका होऊन दिसेनासा होतो, आणि पुढच्या १४ फ्रेमनंतर खाली धूळ उडते. तेरा किंवा पंधरा फ्रेमला तेवढं हसू येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. ती मधली रिकामी जागा मला या सगळ्या कलेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हे स्वतः मोजायचं असेल तर संगणकावरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची ‘ई’ कळ दाबत राहा, एकेक फ्रेम पुढे सरकते. सुरुवात टॉम आणि जेरीच्या ‘द कॅट कॉन्चेर्टो’ या लघुपटापासून करा. त्यात संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांची ‘दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही पियानोरचना जवळजवळ सलग वाजते, त्यामुळे ठोका कानाला लगेच सापडतो.

प्रत मात्र पारखून घ्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या जुन्या टीव्ही प्रतीत फ्रेमची मोजणी बरोबर येते, पण चित्रपट चार टक्के वेगाने धावतो: सात मिनिटांचे साधारण १७ सेकंद कमी होतात आणि आवाजाची पट्टीही चढते. ३० फ्रेमच्या प्रतीत मूळ चार फ्रेमच्या पाच झालेल्या असतात, तिथे मोजणीच चुकते. एकसारखी दिसणारी जादा फ्रेम किंवा आडव्या रेघांनी फाटलेलं चित्र दिसलं की ओळखा. काही प्रतींत संगणकाने धूळ पुसताना वेगाने हलणाऱ्या पात्रांच्या बाह्यरेषाही पुसल्या जातात, कारण त्याला शाईची रेघ आणि ओरखडा यांत फरक कळत नाही. टॉमचा हात मध्येच तुटक दिसला तर ती प्रत सोडून द्या.

शेवटच्या काही वर्षांतले लघुपट सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्यासाठी आहेत. ते चौकोनी चित्रात बघू नका, कडेला दबा धरून बसलेला जेरी कापला जातो.