नग १, लोखंडी

आमच्या वाडीवरच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. पडवीत तारेने टांगलेला. मधल्या सुट्टीचा टोल पडला की समोरच्या शेतातल्या बायकाही खुरपी ठेवून भाकरी सोडायच्या. गेल्या वर्षी शाळेचं समायोजन झालं, म्हणजे ती बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत मिसळली, तेव्हा शिक्षिका म्हणून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, शाळेच्या सामानाच्या वहीत, मीच लिहिलं, ‘घंटा, लोखंडी, नग १’. दोन कपाटं, एक वजनकाटा, तीन सतरंज्या आणि ती. सगळं टेम्पोत चढवलं. शाळेची किल्ली शेजारच्या आजींकडे असायची. त्यांनी ती पदराच्या गाठीतून सोडवून माझ्या हातावर ठेवली आणि काही न बोलता आत गेल्या.

शाळा उत्तम चालली होती असं मी म्हणणार नाही. पट सात. चौथीतल्या दोघांचं वाचन जोडाक्षरापाशी अडायचं. दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामी, त्यामुळे चारही इयत्ता एका खोलीत, एका बाईसमोर, आणि त्यात ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. शिक्षक नाही म्हणून ज्यांच्याकडे मोटारसायकल होती त्यांनी मुलं दुसरीकडे घातली. मुलं गेली म्हणून पट उतरला, आणि पट उतरला म्हणून शिक्षक मिळेना. हे चक्र कुठे थांबवता आलं असतं, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

हे फक्त आमच्या वाडीचं नाही. २०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळला आधी झालेल्या अशा शाळांचे दाखले देऊन. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हे शिक्षण हक्काच्या नियमांतच आहे. वाडीपासून मोठ्या शाळेचं अंतर कागदावर त्यात बसलं. पण ते ओढ्यावरून मोजलेलं. पावसाळ्यात ओढा भरला की पुलावरून वळसा, तीन किलोमीटर. त्या दिवसांत जीपवाला आला तर मुलं शाळेत, नाही तर घरी.

तरी मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आमच्याकडे हे कागदापुरतं नव्हतं. अध्यक्षताई शेतातून तशाच यायच्या, हातातला विळा पायरीखाली ठेवायच्या आणि पोषण आहाराचा तांदूळ स्वतः मुठीत घेऊन बघायच्या. “बाई, माझ्या पोराला पाढे येत नाहीत, तुम्ही काय करताय?” असं खिडकीतून विचारणाऱ्या आया होत्या. मला राग यायचा कधी कधी. पण त्या विचारायच्या. आदेश आला तेव्हा बैठक झाली, म्हणजे आदेश वाचून दाखवला गेला. ताईंनी एवढंच विचारलं, “मग आमची समिती पण गेली का?” हो, गेली. मोठ्या शाळेच्या समितीत आज वाडीचा एकही माणूस नाही.

मीही त्याच मोठ्या शाळेत आले. मुलांचं काय झालं, तेही खरं सांगायला हवं. दुसरीत एकटीच असलेली मुलगी आता चार मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून फिरते. ते बघून बरं वाटतं, मनापासून वाटतं. आमची रुळाची घंटा मात्र अडगळीच्या खोलीत आहे. इथे बटणाची बेल आहे.

सत्राच्या शेवटी पालकसभा झाली. वाडीवरून कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाडीवर गेले. ताई गोठ्यात शेण काढत होत्या. सभेला का आला नाहीत, म्हणून विचारलं. हात पुसत उठल्या, मला बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, “बाई, तिथं आम्ही आलेलं चालतं का?”