वणेच्या खोऱ्यातला आमचा नाला : यंदाच्या नोंदी

वर्धा जिल्ह्यातील आमच्या शिवारातून वाहणारा हा नाला वणा नदीला मिळतो. वणेचे पाणी वर्धेला जाते, वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि ते सारे पाणी अखेर गोदावरीत उतरते. मागील नोंदीत एक प्रश्न उरला होता : संक्रांतीनंतर नाल्याचे बहुतेक पात्र कोरडे पडत असताना वरच्या वळणावरचा डोह चैत्रातही पाणी कसा धरून ठेवतो? या हंगामातील बहुतेक काम त्याच प्रश्नाभोवती झाले.

उत्तर काठाच्या कापात सापडले. विदर्भाचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि कुजलेला असतो, तर पोटातील खडक घट्ट असतो. डोहाच्या वरच्या अंगाला, काळ्या मातीखाली, छिद्राछिद्रांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेला मुरूम दिसतो. त्याच्या तळाशी हातभर रुंदीचा तांबडा चिकण पट्टा आहे आणि त्याखाली अखंड काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, आहे. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खालच्या थराचा माथा झिजून ही तांबडी माती तयार झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून निघाली. शेतांत मुरलेले पाणी मुरुमातून खाली येते, या पट्ट्यावर अडते आणि काठातून झिरपत बाहेर पडते. उन्हाळ्यात पट्ट्याला बोट लावले तर माती ओली लागते, मात्र त्याच्या खालचा खडक कोरडा असतो. गावातील बाया पाण्यासाठी वाळूत झिरा, म्हणजे लहान खड्डा, उकरायला नेमक्या याच वळणावर का येत असत, हेही त्यामुळे उलगडले.

झाडांची मांडणीही हाच पट्टा सांगते. कहू, म्हणजे अर्जुन, आणि उंबर डोहाभोवतीच दाटून आहेत; खालच्या कोरड्या भागात बाभूळ, पळस आणि निर्गुडी आहे. गावाजवळ मात्र बेशरमच्या झुडपांनी दोन्ही काठ व्यापले आहेत. हिवाळ्यात वाहत्या पाण्यातील दगड उलटून पाहिल्यावर मेफ्लाय या नाजूक पंखांच्या कीटकाची पिल्ले आढळली : चपटे अंग, मागे तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या कडांना सतत हलणारे कल्ले. त्यांना प्राणवायूने भरलेले पाणी लागते, म्हणून त्यांचे असणे मला कोणत्याही मोजमापापेक्षा अधिक आश्वासक वाटते. गावाच्या खालच्या अंगाला, जिथे सांडपाणी मिसळते, तिथे ती दिसली नाहीत.

प्रवाह मोजण्यासाठी तरंगती काडी पुरेशी आहे. समजा पात्र २ मीटर रुंद आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल असून काडीला १० मीटर जायला ४० सेकंद लागले, तर पृष्ठवेग सेकंदाला ०.२५ मीटर येतो. तळाशी घर्षणाने पाणी मंदावते, म्हणून त्याला ०.८५ ने गुणावे. प्रवाह सेकंदाला सुमारे ६४ लिटर भरतो. नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची शीट वापरत आहे. तिच्यावरील २० मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषा आमच्यासारख्या सपाट शिवाराला फार विरळ पडतात, त्यामुळे उतार धुऱ्याधुऱ्याने स्वतःच मोजावा लागतो.

नाल्याच्या इतिहासाकडे वळताना स्टीफन हिस्लॉप यांचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. नागपूर परिसरातील लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गोड्या पाण्यातील शंखांचा अभ्यास करणारा हा मिशनरी ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीकडील टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेला. उन्हाळ्यात ओलांडताना पाऊलही भिजू न देणारे नाले भाद्रपदात काय करू शकतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

गावाच्या स्मृतीपलीकडचा पुरावा महसुली कागदांत मिळतो. मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेल्यावरही गावकऱ्यांचे जुने हक्क कागदोपत्री टिकले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ निस्तारपत्रकाविषयी, म्हणजे चराई, जळण अशा गावकऱ्यांच्या सामायिक वापराच्या नोंदीविषयी, आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्ज या गावच्या रूढींच्या नोंदीविषयी आहे. पाणी, वहिवाटीचा रस्ता, मासेमारी अशा रूढींची नोंद या दुसऱ्या कागदात होते. पोळ्याला बैल धुण्याचा घाट आणि त्याकडे जाणारी पांदण आमच्या गावाच्या नोंदीत आहे का, हे पाहण्यासाठी नकलेचा अर्ज करणार आहे.

हे काम तातडीचे वाटण्याचे कारण नाल्याचे खोलीकरण, म्हणजे यंत्राने पात्र खोल करणे, हे आहे. गाळ काढणे योग्यच. परंतु यंत्राने तांबडा पट्टा आणि त्याखालचा खडक फोडला, तर झिरपून येणारे पाणी डोहात न थांबता भेगांतून निघून जाण्याचा धोका राहतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी डोहाचा आडवा छेद मोजून, पट्ट्याची उंची जवळच्या विहिरींच्या पाणीपातळीशी ताडून तो नकाशा ग्रामसभेसमोर ठेवायचा आहे. आपल्या नाल्याच्या काठावर कोणाला असा तांबडा थर दिसला असेल, तर त्याची पात्रापासूनची उंची आणि तिथे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, एवढे दोन तपशील अवश्य कळवावेत.