‘ऑपरेटर पाहिजे’ एवढ्यावर भागत नाही

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत गेटागेटावर ‘ऑपरेटर पाहिजे’च्या पाट्या दिसतात, आणि त्याच जिल्ह्यात आयटीआय झालेली पोरं घरी बसलेली असतात. दोघांची गाठ घालून द्यायला सरकारी सोय आहे आणि तिला एक रुपया लागत नाही. पण माहिती भरताना दोन्हीकडून इतकी कंजुषी होते की गाठ पडत नाही.

राज्याचं पोर्टल महास्वयं. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, म्हणजे एनसीएस. ते २०१५ मध्ये सुरू झालं. पूर्वीचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालंय, तरी घरातली मोठी माणसं ‘कार्ड काढलंस का?’ असंच विचारतात. एका पोर्टलवर नाव घातलं की दुसरीकडे आपोआप जाईल असं धरून चालू नका. दोन्हीकडे स्वतंत्र नोंद करा.

पहिली अडचण नावाची. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव गाळलेलं. नोंदणी आधारप्रमाणे करा आणि फरक असेल तर कागदपत्रं तपासायच्या दिवसाआधीच दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण मोबाईलची. स्वस्त रिचार्जसाठी सिम बदललं, ओटीपी जुन्या नंबरवर, कंपनीचा फोनही जुन्याच नंबरवर. पोर्टलला नावं ठेवण्याआधी हे बघावं.

खरी मेख कौशल्याच्या रकान्यात आहे. कंपनीचा माणूस जिल्हा, शिक्षण, ट्रेड, अनुभव असे फिल्टर लावून शोधतो. तुम्ही नुसतं ‘आयटीआय, मशिनिस्ट’ लिहिलंत तर शेकड्यांत हरवलात. त्याऐवजी लिहा: व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), फॅनक कंट्रोल (मशीन चालवणाऱ्या संगणकाचा मेक), ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रोमीटर आणि बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) वापरता येतं. जॉब (घडवायचा भाग) लावून सायकल स्टार्टचं बटण दाबणारा ऑपरेटर, नवा जॉब सेट करणारा सेटर, प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅमर. तिघांचे पगार वेगळे. येत नाही ते मात्र लिहू नका. ट्रायलला मशीनवर उभं केलं की पाच मिनिटांत कळतं.

एनसीएसवर कामांची वर्गवारी राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ प्रमाणे आहे. कोड आठ अंकी असतो आणि पहिले चार अंक कामाचं कुटुंब सांगतात. मोल्डर व कोअर मेकर (ओतकामाचे साचे करणारे) ७२११, वेल्डर ७२१२, मशीन टूल चालवणारे ७२२३. फौंड्रीत मोल्डिंग केलेल्यानं ‘हेल्पर’ निवडलं तर मोल्डर शोधणाऱ्याला तो सापडणार कसा?

आता कारखानदारांकडे. ‘पगार योग्यतेनुसार’ लिहिलं की चांगला सेटर पुढं वाचत नाही. हातात किती, पीएफ-ईएसआय कापून की धरून, शिफ्ट किती तासांची, ओव्हरटाईम कसा, कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडं, गडहिंग्लज-राधानगरीकडून येणाऱ्याला बस किंवा राहायची सोय आहे का, हे लिहा. जागा भरली की जाहिरात बंदही करा. तीन महिन्यांपूर्वीच्या जागेसाठी येऊन परत गेलेलं पोरगं पुढच्या वेळी अर्ज करत नाही.

रिक्त जागा कळवणं हा उपकार नव्हे. १९५९ च्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज कायद्यानं २५ किंवा जास्त कामगारांच्या खासगी आस्थापनांवर ते बंधन घातलं, आणि तिमाही संपल्यावर ३० दिवसांत कामगार आणि रिक्त जागांचं ईआर-१ विवरणपत्र भरायला लावलं. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिथं मर्यादा २० ची आहे. रोजगार केंद्रानं पाठवलेल्या उमेदवारालाच घ्या अशी सक्ती जुन्या कायद्यातही नव्हती, तरी त्या भीतीनं बरेच जण कळवतच नाहीत. ३० किंवा जास्त माणसं असतील, ठेक्याची धरून, तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. एनएपीएस, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचे २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. ज्यांना सेटर मिळत नाहीत त्यांनी हा रस्ता आधी बघावा.

आकडेवारीचं काय? बातम्यांत येणारा बेरोजगारीचा दर पीएलएफएस, म्हणजे केंद्राच्या श्रमबल पाहणीतला असतो. जानेवारी २०२५ पासून तिची रचना बदलली आणि आता आकडे दरमहा येतात, पण मासिक आकडा अख्ख्या देशाचा. त्यातल्या चालू साप्ताहिक स्थितीत आठवड्यात एक तास काम केलेलाही ‘रोजगारात’ धरला जातो. त्यावरून कोल्हापुरात फेटलरला (ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्याला) मागणी आहे का, हे कळायचं नाही. ईपीएफओ, म्हणजे पीएफ संघटनेची मासिक आकडेवारी नव्या पगारी नोंदी दाखवते, पण पीएफची सक्ती साधारणपणे २० माणसांपासून पुढं. कोल्हापूर शहरातल्या उद्यमनगरची सहा-आठ माणसांची मशीन शॉप, इचलकरंजीचे छोटे यंत्रमाग, हुपरीची चांदीची घरगुती कामं तिथं बहुतेक दिसत नाहीत. पोर्टलवरही ती क्वचितच येतात. अशा ठिकाणी आयटीआयच्या निदेशकांकडून नावं घ्यावीत आणि सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन शॉपमध्ये थेट जावं. शिफ्ट बदलायची वेळ तेवढी टाळा. तेव्हा मालकाला मान वर करायला फुरसत नसते.