कलश म्हणजे तीनशे ऐंशी

मामांचं रेडिमेडचं दुकान बेळगावात खडेबाजारात, मी बारावीपासून तिथंच. आमच्या तिकिटावर भाव नसतो, तीन अक्षरं असतात. दहा अक्षरांचं एक वाक्य ठरलेलंय, एकही अक्षर दोनदा यायचं नाही, पहिलं म्हणजे एक आणि शेवटचं म्हणजे शून्य. गिऱ्हाइकाला तोंडानं सहाशे सांगायचे खरं शेवटचा भाव किती ते तिकिटावर वाचायचं. वाक्य मामांना, मला आणि जुन्या सेल्समनला, तिघांनाच माहीत. मामीला पण नाही.

दिवाळीआधीचा रविवार, पाय ठेवायला जागा नाही, त्यात खानापूरकडची एक आज्जी नातीला घेऊन आली. नात पुण्यात झुडिओमध्ये कामाला, रजा काढून आलेली. आज्जीचं "सावकार, जुनं गिऱ्हाईक की ओ आम्ही, वाइच बघा की" चालू आणि पोरगी स्टुलावर गप.

मामांनीच विचारलं, तुमच्या तिथं एवढं स्वस्त परवडतं कसं गं? मग सुरूच झाली. म्हणे दुसऱ्या कुणाचा माल ठेवतच नाही, सगळा स्वतःच्या नावाचा, ऑनलाइन विकायची भानगड नाही, बहुतेक सगळं हजाराच्या आत, आणि एका डिझाइनची ऑर्डर शेकड्यांनी दुकानांसाठी एकदम जाते मग भाव पडतो. 2016 ला सुरू झालं आणि मार्च 2025 पर्यंत 765 दुकानं. मागची कंपनी टाटांची ट्रेंट, ती पूर्वी लॅक्मे होती. "लिपस्टिकवाली?" मामा. हो, 1998 ला लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरला विकलं, कपड्याच्या धंद्यात उतरले, बेंगळूरचं लिटलवूड्सचं दुकान घेऊन त्याचं वेस्टसाइड केलं, झुडिओ त्याच्या पाठचं. मामा जरा गप्प झाले, आमचं दुकान पण 98 चंच, अजून एकच गाळा आहे.

एवढं बोलताना पोरीचे कान काउंटरवर होते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. आज्जीनं घासाघीस करून एक शर्ट 480 ला पाडला, शेजारच्या बाईनं कुर्ती 350 ला, आणखी कुणी पॅंट 420 ला. पोरीनं तिन्ही तिकिटं बघितली, मलश, कपश, मगश. मग रॅकवरचा एक निळा शर्ट काढला, तिकीट उलटं केलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "काका, कलश म्हणजे तीनशे ऐंशी न्हवं?"

मी नुकताच तोच शर्ट एकाला साडेपाचशे सांगितलेला, तो तिथंच उभा!

मामांनी ओठावर बोट ठेवलं आणि हसायलाच लागले. शर्ट तीनशे ऐंशीला दिला, दोघांनाही. आज्जी मात्र चिडली, एवढा वेळ घसा कशाला कोरडा करून घेतला म्हणून, आणि सगळं बिल पुन्हा तपासायला लावलं.

रात्री शटर ओढताना मामा म्हणाले, नवीन वाक्य शोध, दिवाळी झाली की सगळी तिकिटं बदलायची. अजून शोधतोय. नवव्या अक्षरापर्यंत येतो आणि कुठलं तरी अक्षर दोनदा येतंय.