तुम्ही विचारलंत म्हणून: सिव्हिल सर्जन असूनही दवाखाना का नाही सुधारला?

इंदूरच्या रामबागेतलं लग्नकार्य असो की तेराव्याची पंगत, कोणीतरी विचारतंच, "डॉक्टरबाई, तुम्ही स्वतः सिव्हिल सर्जन होतात ना, मग सरकारी दवाखाना का नाही सुधारलात?" आणि पाठोपाठ एम. वाय.चा, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा दाखला.

दाखला खरा आहे. 1994 च्या सुरतेच्या प्लेगनंतर इंदूरचे तेव्हाचे कलेक्टर एस. आर. मोहंती यांनी एम. वाय. रिकामं करवलं, उंदीर मारवले, इमारत धुऊन काढली, लोकांकडून पैसा उभा केला. रुग्णालयाचा पैसा आणि कारभार तिथल्या तिथे बघणारी रोगी कल्याण समिती तिथे जन्मली आणि 2005 नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर गेली. मीही तेव्हा भारावले होते. खमका माणूस बसला की सगळं होतं, असं ठासून सांगायचे. पण 2025 मध्ये त्याच रुग्णालयात नवजात बाळांना उंदीर चावले. मोहीम काढणारा बदलून जातो; रोजचं बघायला जो मागे राहतो, त्याच्या हातात काय असतं, हे तुम्ही कधी विचारत नाही.

मी बालरोगतज्ज्ञ. ज्येष्ठता यादीत नाव वर आलं म्हणून खुर्चीत बसले. टेंडर, ऑडिट कोणी शिकवलं नाही. नर्सची पदं भोपाळहून भरायची, सफाई आणि सुरक्षा ठेकेदाराकडे, यंत्रांची दुरुस्ती तिसऱ्याच कंपनीकडे. समितीची मी सचिव, कार्यकारिणीचे अध्यक्ष कलेक्टर. सही माझी, माणसं दुसऱ्यांची. हे रडगाणं वाटत असेल तर वाटू दे.

आता ती रात्र सांगते. जिल्ह्याचं नाव सांगणार नाही. नवजात शिशू कक्षात दर पाळीला तीन-चार बाळांमागे एक नर्स हवी. त्या रात्री अख्ख्या कक्षाला एकच सिस्टर होती. दुसरीला लेबर रूममध्ये पाठवलं होतं, कारण तिथे कोणीच नव्हतं. बाळांना ऊब देणाऱ्या दोन वॉर्मरचे तापमान मोजणारे प्रोब बंद होते. तक्रार नोंदवलेली, नंबर मिळालेला, माणूस आलेला नव्हता. म्हणून एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं. पहाटे एक बाळ गेलं. दुपारपर्यंत आवारात कॅमेरे आले आणि वरून फोन आला, "संध्याकाळपर्यंत एक नाव पाठवा." चौकशी नंतर होणार होती, नाव आधी हवं होतं. मी नाव पाठवलं नाही. ड्युटी चार्ट, प्रोबची तक्रार आणि रिक्त पदांबद्दलची माझी जुनी पत्रं जोडून अहवाल पाठवला. रात्री सिस्टरच्या निलंबनाचा आदेश आला. तो मीच तिच्या हातात दिला. तिने वाचला, घडी केली, आणि आधी पुढच्या सिस्टरला चार्ज दिला: कोणत्या बाळाला किती एमएल दूध, कोणाची आयव्ही लाइन सुजली आहे, कोणाची आई अजून वर आलेली नाही. मग रजिस्टरवर सही करून गेली.

"राजीनामा का नाही दिलात?" हेही विचारून झालंय. दिला असता तर यादीतलं पुढचं नाव येऊन बसलं असतं, प्रोब तेच राहिले असते. मला हे आजही पटतं. रात्री जाग आली की तितकंसं पटत नाही.

चौकशीत ती निर्दोष ठरली, कामावर आली आणि ओपीडीतल्या इंजेक्शन रूमची ड्युटी मागितली. त्या कक्षातला सगळ्यात सराईत हात होता तो. मी अर्ज मंजूर केला. तिला कोणत्या तोंडाने थांबवणार होते? त्यानंतर कक्षातून इंदूरला रेफर होणारी बाळं वाढली. रेफर केलं की मृत्यू आपल्या रजिस्टरात पडत नाही, हे सगळ्यांना न सांगता समजलं होतं.

खमका माणूस हवा, हे मी आजही म्हणते. पण नर्स नेमण्याचा अधिकार त्याला द्या म्हटलं, तर स्थानिक पुढाऱ्यांच्या चिठ्ठीवर कंत्राटी माणसं कशी लागतात, तेही मी पाहिलंय. अधिकार भोपाळला ठेवले तर जागा रिकाम्या, जिल्ह्यात दिले तर चिठ्ठ्या. यातलं कोणतं पत्करायचं, यावर माझं मन अजून दोन्हीकडे जातं.